घाम फुटलेला डबा

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी, सकाळचे नऊ वाजायला पाच मिनिटे कमी असताना शाल्मलीने प्रयोगशाळेचे दार ढकलले, तर समोरच्या टेबलावर एक डबा घामाघूम होऊन बसलेला.

डबा तसा साधाच होता. पोळ्यांच्या डब्याएवढा, स्टीलचा, झाकणावर काळ्या शाईने ‘क–१४’ असे लिहिलेला. पण त्याच्या पोटावर पाण्याचे बारीक थेंब दाटून आले होते आणि एक-दोन ओघळ टेबलापर्यंत उतरले होते. शाल्मलीने वर पाहिले. छत कोरडे. टेबलाची बाकीची फळी कोरडी. शेजारचा ‘ब–३’ हा डबाही कोरडा ठणठणीत. मग एवढ्या एकट्यालाच काय झाले होते?

“टोच्या, हा डबा कुणी धुतला का रे?”

टोच्या म्हणजे प्रयोगशाळेतला यंत्रमानव. त्याला एकच हात होता, एकच डोळा होता, आणि हाताच्या टोकाला हिऱ्याची एक इवलीशी अणी होती. ती अणी धातूवर ठराविक जोराने टोचायची आणि पडलेला ठसा मोजायचा, हे त्याचे काम. ठसा मोठा पडला तर धातू मऊ, लहान पडला तर धातू कठीण. म्हणूनच शाल्मलीने आल्या दिवशीच त्याचे बारसे केले होते.

“मला माहीत नाही,” टोच्या म्हणाला. “मी नऊ ते सहा काम करतो. आता आठ वाजून छप्पन्न मिनिटे झाली आहेत.”

“मग आत्ता बोलतोयस कसा?”

“बोलणे हे काम नाही.”

इमारतीचे सगळे यंत्रमानव छतावरच्या सौरपत्र्यांच्या विजेवर चालत. संध्याकाळी सहा वाजले की ते झोपी जात, ते सकाळी नऊच्या तोंडावरच जागे होत. त्यामुळे आधी काय घडले, हे टोच्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

दहा वाजता शाल्मलीने पुन्हा पाहिले. डबा कोरडा! जणू काही झालेच नव्हते. तिने दप्तरातून नवलवही काढली. सातवीच्या मुलांना शाळेने सुट्टीत दिलेला तो एकमेव अभ्यास होता : रोज न समजलेली एक गोष्ट लिहायची. नियम एकच. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. आपल्या मनातले उत्तर घुसडायचे नाही. तिने लिहिले : ‘स. ८.५६. डबा क–१४ बाहेरून ओला. शेजारचा ब–३ कोरडा. १० वाजता दोन्ही कोरडे. कारण : ?’

त्याच पानाच्या वरच्या बाजूला कालचे नवल होते : ‘आत्या नेमके काय करते?’ त्यापुढेही प्रश्नचिन्हच होते.

शाल्मलीची आत्या, डॉ. मृणाल मगदूम, कोल्हापूरजवळच्या पंचगंगा तंत्रविद्यापीठात द्रव्यविज्ञान (वस्तू ज्यांपासून बनतात त्या धातू, काच, प्लॅस्टिक वगैरे द्रव्यांचा अभ्यास) शिकवीत असे. शाल्मली सांगलीहून सुट्टीपुरती तिच्याकडे राहायला आली होती. आत्याने पदवीनंतर सहा वर्षे पीएच.डी. केली, मग परदेशातल्या दोन प्रयोगशाळांत चार वर्षे काढली, आणि गेली पाच वर्षे ती इथे होती. पण तात्पुरत्या नेमणुकीवर. “आमच्या मृणालची परीक्षा काही संपत नाही,” असे बाबा घरात हसून म्हणत. ही शेवटची परीक्षा मात्र बुधवारी, म्हणजे उद्याच होती. अकरा वाजता निवड समिती (तिला कायम करायचे की नाही हे ठरवणारी जाणती मंडळी) बसणार होती, आणि आत्या त्यांच्यासमोर आपले काम मांडणार होती.

तिचे काम होते रिव्हेटचे. दोन पत्रे एकमेकांना जोडण्यासाठी भोकातून घालून ठोकतात, तो जाड खिळा म्हणजे रिव्हेट. चंद्रावरच्या तळावर घरांचे पत्रे असेच जोडायचे होते. रिव्हेट ठोकताना मऊ हवा, म्हणजे त्याचे डोके नीट पसरते. आणि ठोकून झाल्यावर कठीण हवा, म्हणजे जोड सुटत नाही. नेहमीच्या संमिश्राचे (दोन-तीन मूलद्रव्ये एकत्र वितळवून केलेल्या धातूचे) रिव्हेट दोन तासांतच कठीण होऊ लागत. आत्याने अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या त्या संमिश्रात चिमूटभर कथील मिसळले, आणि तिचे रिव्हेट तब्बल बहात्तर तास मऊ राहिले. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. चंद्रावर पोचायलाही तीनच दिवस लागतात! गेल्या वर्षी तिचा शोधनिबंध छापून आला तेव्हा विद्यापीठाच्या फाटकावर फलक लागला होता.

त्या मंगळवारी अकरा वाजता एक पत्र आले. लांबच्या एका प्रयोगशाळेने आत्याची कृती जशीच्या तशी करून पाहिली होती. आत्याने पत्र वाचले, मग पुन्हा वाचले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काय झालं गं, आत्या?”

“त्यांचे रिव्हेट एका दिवसातच कडक व्हायला लागतात म्हणे. आपले तीन दिवस मऊ राहतात.”

“मग त्यांचं चुकलं असेल.”

“असेल. किंवा आपलं.”

दिवसभर प्रयोगशाळेत गोंधळ उडाला. आत्याने कथिलाचे प्रमाण पुन्हा तपासले, बरोबर होते. भट्टीचे तापमान तपासले, बरोबर होते. टोच्याची हिऱ्याची अणी भिंगाखाली पाहिली. तिला साधा टवकाही उडालेला नव्हता. प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ चौगुलेकाका तिच्या मागे मागे फिरत होते. काका साठीला आलेले, अंगाने दणकट. विद्यापीठात येण्याआधी त्यांनी वीस वर्षे विमानाचे सांगाडे जोडणाऱ्या एका कारखान्यात काढली होती. शाल्मलीला त्यांनी आल्या आल्या पितळेचा भोवरा कातून दिला होता.

“मॅडम, भट्टीत मी सोताच्या हातानं घातलंय, आन् पाणीबी मीच पाजलंय,” काका म्हणत होते. “पाच सेकंदाच्या आत पाण्यात. त्यात फरक न्हाई पडायचा.”

“तुमच्यावर शंका नाही हो, काका. पण कुठंतरी काहीतरी वेगळं होतंय, आणि ते मला दिसत नाहीये.”

शाल्मलीला वाटले, डब्याच्या घामाचे सांगावे का? पण आत्याचा चेहरा पाहून तिने तोंड मिटले. तीन दिवस, एक दिवस, चंद्र, भट्टी अशा मोठ्या गोष्टींत तिच्या ओल्या डब्याला कोण विचारणार?

संध्याकाळी घरी दोघी गॅलरीत बसल्या. समोर ताकाचे भांडे होते. शाल्मलीनेच विषय काढला.

“आत्या, पण धातू आपोआप कडक होतोच कसा? त्याला कुणी काही करत नाही, तो नुसता डब्यात पडलेला असतो. मला हेच कळत नाही.”

आत्याने तिच्याकडे पाहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती थोडी हसली. “तुमच्या शाळेत सभागृहात जाजम घालतात ना? एवढं मोठं जाजम हातभर पुढं सरकवायचं असलं तर काय करता?”

“ओढलं तर हलतच नाही. मग एका टोकाला सुरकुती पाडायची आणि ती पायानं ढकलत ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. जाजम आपोआप पुढं सरकतं.”

“धातूचंही तसंच. त्यात अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. धातू वाकतो तेव्हा अख्खा थर एकदम घसरत नाही. त्यातून एक सुरकुती धावते. तिला आम्ही विस्थापन (अणूंच्या रांगेत पडलेली सरकती चूक) म्हणतो. सुरकुती सहज धावली की धातू मऊ. आता जाजमावर मध्ये मध्ये पाच-पाच पोरी घोळका करून बसल्या तर?”

“सुरकुती अडेल.”

“अडली की धातू कठीण. आपल्या रिव्हेटमध्ये ते घोळके तांब्याच्या अणूंचे असतात.”

“आणि ते येतात कुठून?”

आत्या उठून आत गेली आणि काकवीची बाटली घेऊन आली. बाटलीच्या तळाला साखरेचे खडे बसले होते. “गुऱ्हाळात काकवी उकळत होती तेव्हा ही सगळी साखर विरघळलेली होती. गार झाल्यावर इतकी साखर त्यात मावेना. मग तिचे कण हळूहळू एकत्र आले. भट्टीत तापलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबं असंच विरघळतं. काका ते झटकन पाण्यात बुडवतात, तेव्हा तांब्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. एकेक अणू विखुरलेलाच अडकून राहतो. तेव्हा रिव्हेट मऊ असतो. मग डब्यात पडल्या पडल्या ते अणू एकमेकांना शोधत जातात आणि घोळके करतात.”

“घट्ट धातूच्या आत? त्यांना चालायला जागा कुठली?”

“छान विचारलंस. आत मध्ये मध्ये रिकाम्या जागा असतात, भरलेल्या एसटीत एखादं बाकडं मोकळं असावं तशा. शेजारची जागा रिकामी असली तरच अणू तिथं सरकतो. आणि कथील काय करतं माहितीये? ते त्या रिकाम्या जागांवर रुमाल टाकून ठेवतं.”

शाल्मली खुदकन हसली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसे तिने सांगलीच्या स्थानकावर रोज पाहिली होती. “म्हणजे तांब्याला जागाच मिळत नाही!”

“उशिरा मिळते. म्हणून रिव्हेट उशिरा कठीण होतो. किती उशिरा, एवढाच तर प्रश्न आहे. मी म्हणते बहात्तर तास. ते म्हणतात, सव्वीस-सत्तावीस.”

“आणि गारठ्यात? थंडीत माणसं आखडून बसतात, तसे अणूही बसतात का?”

“बसतात. खूप थंडीत ते जवळजवळ हलतच नाहीत. पण आपले डबे तर टेबलावरच असतात.” आत्याने उसासा सोडला. “उद्या समितीसमोर हे पत्रही ठेवावं लागणार.”

“नको ना ठेवूस! त्यांना कुठं माहितीये?”

“मग माझा आलेख तरी कोणत्या तोंडानं ठेवू?” एवढेच म्हणून आत्या आत गेली.

शाल्मली एकटी उरली. तिने ताकाचे भांडे उचलले तर ते हातातून निसटता निसटता वाचले. बाहेरून ओलेचिंब झाले होते. फ्रीजमधून काढलेल्या गार भांड्याला हवेतली वाफ चिकटते आणि तिचे पाणी होते, हे तिला पाचवीपासून माहीत होते. ती भांड्याकडे बघत राहिली. घाम फुटलेले भांडे. घाम फुटलेला डबा. पण आत्या तर म्हणाली, डबे टेबलावरच असतात! तिच्या मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यातली कोणती खरी मानावी हे तिला काही केल्या उमगेना.

बुधवारी सकाळी आत्या घरीच कपाटातल्या कागदांत गुंतली होती. शाल्मली एकटीच साडेआठला प्रयोगशाळेत गेली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. टेबलावर ‘ब–३’ होता. ‘क–१४’ नव्हता.

नऊला दहा मिनिटे असताना आतल्या खोलीतून चौगुलेकाका आले. त्या खोलीत एक मोठी शीतपेटी (शून्याच्याही बरीच खाली गारठवणारी पेटी) होती. तिच्यात चिकटद्रव्यांच्या नळ्या ठेवत. काकांच्या हातात फडके होते, आणि फडक्यात डबा. तो त्यांनी टेबलावर ठेवला, तसा बघता बघता त्याच्या अंगावर थेंब धरू लागले.

“काय गं शालूताई, आज लई लवकर?”

“काका, हा डबा तुम्ही शीतपेटीत ठेवला होता?”

“मग! रोजच ठेवतोय की.” काकांच्या आवाजात जराही लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. “संध्याकाळी सहाला आत, सकाळी नऊच्या आधी बाहेर. आमच्या कारखान्यात रिव्हेट रातभर उघड्यावर टाकून जाणाऱ्याला फोरमन फाडून खायचा. म्हणायचा, भाकरी झाकून ठेवता, मग रिव्हेटला काय पाप लागलंय? सवय पडली बघ. मॅडम जातात घाईनं, पसारा तसाच टाकून. कुणीतरी सांभाळायला पायजे का नको?”

“आणि ब–३?”

“त्यात जुनं, कडक झालेलं तुकडं हाईत. ते कशाला जागा अडवायला आत?”

भोवरा कातून देणारे, सगळ्या नमुन्यांना लेकरासारखे जपणारे काका. हे सांगितले तर त्यांचे काय होईल? आणि आत्याचे? न सांगितले तर कुणालाच कळणार नाही. आत्या अकरा वाजता आत जाईल, बहात्तर तास म्हणेल... पण पत्र? ते लिहिणारे लोक कायम गोंधळातच राहतील ना? तिने मान खाली घातली आणि अडखळत अडखळत, काल आत्याने सांगितलेले सगळे काकांना सांगितले : जाजम, घोळके, एसटीतल्या रिकाम्या जागा, थंडीत आखडलेले अणू.

काका ऐकत गेले तसा त्यांच्या हातातला फडक्याचा बोळा घट्ट होत गेला.

“म्हंजे,” ते हळूच म्हणाले, “रिव्हेट मऊ राहिला तो कथलामुळं न्हाई. माझ्यामुळं.”

“थोडा कथिलामुळं, थोडा तुमच्यामुळं. मला नीट कळत नाहीये, काका.”

“मला कळलं.” त्यांनी टोपी सारखी केली. “चल. मीच सांगतो. आन् तू येतीस का संगं? एकट्याच्यानं पाय उचलंना बघ.”

आत्या त्यांना इमारतीच्या पायऱ्यांवरच भेटली. हातात आलेखाची गुंडाळी, अंगावर ठेवणीतली इरकल साडी. काकांनी एका दमात सगळे सांगितले. शाल्मली आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता ती ओरडेल, रडेल, असे तिला वाटले. आत्या मात्र पायरीवर बसली. मग तिने पेन काढले.

“काका, आत ठेवायची वेळ नेमकी सहा?”

“घड्याळ बघून.”

“आणि बाहेर नऊच्या सुमाराला. रोज? सुट्टीच्या दिवशीसुद्धा?”

“एक दिस चुकलो असंन तर शपथ.”

“शाल्मली, हिशेब कर. सोमवारी सकाळी नऊला पाण्यात बुडवलेला रिव्हेट गुरुवारी सकाळी नऊपर्यंत टेबलावर किती तास होता?”

शाल्मलीने बोटांवर मोजले. सोमवारी नऊ ते सहा, नऊ तास. मंगळवारी नऊ. बुधवारी नऊ. “सत्तावीस!”

“आणि त्या पत्रात?”

“सव्वीस-सत्तावीस!” शाल्मली उडीच मारणार होती, पण आत्याच्या डोळ्यांत पाणी दिसले आणि ती थबकली. हे हसण्यासारखे होते की रडण्यासारखे? दोन्ही प्रयोगशाळांचे उत्तर जुळले होते, आणि तरी आत्याचे बहात्तर तास गेले होते.

“मॅडम, माझं नाव सांगा आत,” काका म्हणाले. “म्हातारा चुकला म्हणा.”

“तुम्ही वीस वर्षं बरोबर करत आलात तेच केलंत, काका. वहीत ‘खोलीच्या तापमानाला ठेवले’ असं मी लिहिलं. मी ते पाहिलं नव्हतं, नुसतं गृहीत धरलं होतं. आणि तुम्हाला एकदाही विचारलं नाही.” ती उठली. आलेखाची गुंडाळी तिने काकांच्या हातात दिली. “ही आता चुकीची आहे. मी फळ्यावर नवा काढीन.”

अकरा वाजता दार बंद झाले. बाहेरच्या बाकावर काका आणि शाल्मली बसून राहिले. तासाभराने आत्या आली.

“कायम नाही केलं,” ती म्हणाली. “आणखी एक वर्ष तात्पुरतं. आधी शोधनिबंधाची दुरुस्ती छापायची, मग प्रयोग नव्यानं करायचे.”

“पण तू तर खरं सांगितलंस!” शाल्मली रागाने लाल झाली. “खरं सांगितल्याची शिक्षा देतात का?”

“शिक्षा नाही गं. त्यांना कळलंय की मी एकदा न पाहता लिहिलं. आता पाहून लिहिते का, हे त्यांना बघायचंय. मीही त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.” मग ती म्हणाली, “अर्थात, वाईट वाटायचं ते वाटतंच.”

दुपारी कुणालाच जेवण गेले नाही. एक दिवस मऊ राहणारे रिव्हेट तीन दिवसांच्या चंद्रप्रवासात कसे पोचवायचे? यानातून शीतपेटी न्यायची तर तिचे वजन आणि तिला लागणारी वीज, दोन्ही परवडणारी नव्हती. म्हणून तर बहात्तर तासांचे एवढे कौतुक झाले होते. शाल्मली पितळी भोवऱ्याला उगाच दोरी गुंडाळत होती, सोडत होती. तिच्या डोक्यात अजूनही सगळे गुंतलेलेच होते.

“आत्या, एक विचारू? यान चंद्राकडं जातं तेव्हा बाहेर ऊन असतं की सावली?”

“एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली.”

“सावलीत गार असतं?”

“अतिशय. उन्हापासून झाकलेली वस्तू तिथं आपली उष्णता गमावत गमावत गारठून जाते. आपल्या शीतपेटीपेक्षाही...” आत्या बोलता बोलता थांबली. काकांनी मान वर केली.

“मग डबा बाहेरच लटकवायचा की,” काका म्हणाले. “सावलीच्या अंगाला. वीज नको आन् पेटी नको.”

“आणि चंद्रावर पोचल्यावर आत घ्यायचा!” शाल्मली म्हणाली. “मग त्यांना सत्तावीस तास मिळतील. साध्या रिव्हेटला दोनच मिळतात.”

आत्या उठून फळ्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. “अवकाशाचा अंगरखा घालून दोन तासांत पन्नास रिव्हेटसुद्धा ठोकून होत नाहीत. सत्तावीस तासांत मात्र अख्खी भिंत उभी राहील.” मग तिने स्वतःलाच आवरले. “शक्य आहे. फक्त शक्य आहे. तीन दिवस गारठल्यानंतर कथिलाचे रुमाल जागेवर राहतात का, ते आपल्याला ठाऊक नाही. तपासावं लागेल.”

गुरुवारी सकाळी नऊ वाजता काकांनी नवे रिव्हेट भट्टीतून काढून पाण्यात बुडवले. अर्धे कथिलाचे, अर्धे साधे. दोन्हींचे डबे तडक शीतपेटीत गेले, आणि या वेळी प्रत्येक डब्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती : डबा कधी, कुठे आणि कुणी ठेवला, हे हलवणाऱ्याने तिथल्या तिथे लिहायचे. ही कल्पना नवलवहीची होती.

रविवारी सकाळी, बहात्तर तासांनी, काकांनी दोन्ही डबे बाहेर काढले. दोघांनाही दरदरून घाम फुटला. या वेळी त्याचे कुणालाच नवल वाटले नाही. डबे कोरडे होईपर्यंत सगळे थांबले, मग टोच्याने अणी टेकवली.

“दोन्ही मऊ,” तो म्हणाला.

दुपारी बाराला त्याने पुन्हा टोचले. साध्या रिव्हेटवरचा ठसा लहान झाला होता. कथिलाच्या रिव्हेटवरचा तेवढाच मोठा होता. चार वाजताही तेवढाच! पण साडेचारला शाल्मलीची सांगलीची बस होती. पुढे काय होणार हे कळण्याआधीच तिला निघावे लागले. खिडकीतून हात हलवताना तिने ओरडून विचारले, “सत्तावीस तास उद्या कधी पुरे होतात?”

“दुपारी बारा!” आत्या ओरडली.

रात्री निजण्याआधी काकांनी पाठवलेले एक छायाचित्र तिने पाहिले. त्यात डब्याची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर काकांचे गोल गोल अक्षर : ‘संध्याकाळी सहा. डबा टेबलावरच. आत ठेवावा असं लई वाटलं, पण ठेवला नाही. – चौगुले.’

सोमवारी बारा वाजले, सव्वाबारा झाले. शाल्मली फोन समोर ठेवून बसली होती. साडेबाराला टोच्याचा निरोप आला.

‘सकाळी अकरापर्यंत कथिलाचा रिव्हेट मऊ. बाराला ठसा लहान होऊ लागला. टेबलावरचे तास : सत्तावीस. आत्या दुरुस्तीचे पत्र लिहीत आहेत. मध्येच थांबून हसत आहेत. डब्याची बाहेरची बाजू : कोरडी. हे मला कुणी विचारले नव्हते. तरी पाहिले.’

शाल्मलीने नवलवही उघडली. ‘आत्या नेमके काय करते?’ या ओळीपुढचे प्रश्नचिन्ह तिने खोडले नाही. त्याच्याखाली तिने फक्त तारीख घातली आणि टोच्याचा निरोप जसाच्या तसा उतरवून घेतला.